हरलेला डाव पुन्हा मांडा



येरवडा म्हटलं की आपल्याकडे दोनच गोष्टी डोळ्यांपुढे येतात. एक मनोरुग्णालय आणि दुसरा तुरुंग. कुणी जरा विचित्र वागलं की आपण सहज म्हणून जातो, "याला येरवड्याला धाडा." आणि कुणावर पोलीस केस झाली की म्हणतो, "आता येरवड्याची हवा." पुण्याच्या या भागाचं नाव आपल्या बोलण्यात असं भीती दाखवायलाच येतं. आज मात्र त्याच येरवड्याच्या तुरुंगातली एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. ती आहे बुद्धिबळाची.

जागतिक बुद्धिबळ महासंघ, म्हणजे फिडे, आणि अमेरिकेतल्या शिकागो शहरातला कुक काउंटीचा तुरुंग यांनी मिळून २०२१ साली बंदिवानांसाठी बुद्धिबळाचा एक उपक्रम सुरू केला. त्यातून दरवर्षी तुरुंगांची एक स्पर्धा भरते. कुणी कुठे जात नाही. ज्या त्या देशातले बंदिवान आपापल्या तुरुंगातच संगणकासमोर बसतात आणि हजारो मैलांवरच्या दुसऱ्या तुरुंगातल्या माणसांशी डाव मांडतात. या स्पर्धेत महिला बंदिवानांचा गटही असतो.

आपल्याकडे इंडियन ऑइल कंपनीने २०२१ च्या १५ ऑगस्टला 'परिवर्तन' नावाचा उपक्रम तुरुंगांमध्ये सुरू केला. त्यात बंदिवानांना खेळ शिकवतात, बुद्धिबळही शिकवतात. पुण्याचे ग्रँडमास्टर अभिजित कुंटे यांचा या कामात सहभाग आहे. हेच कुंटे २०२४ मध्ये बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय महिला संघाचे कर्णधार होते. तर येरवड्याच्या संघाने २०२२ साली तुरुंगांच्या त्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं आणि पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, शंभराहून जास्त संघांत सुवर्णपदक पटकावलं.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलू या. तुरुंगात माणूस जातो तो कुणाचं तरी नुकसान झालेलं असतं म्हणून. खेळातल्या पदकाने ते भरून येत नाही, आणि ज्यांनी सोसलं त्यांना ते विसरा असं सांगायचा अधिकार कुणालाच नाही. आम्ही ही गोष्ट सांगतो आहोत ती शिकण्याबद्दल. मोठ्या वयात, हातात मोबाइल नाही, घरात पुस्तकांचं कपाट नाही, अशा ठिकाणी माणसं वर्षा-दोन वर्षांत जगाच्या स्पर्धेत उतरण्याइतकी कशी सुधारतात? शिकवणारे येतात, पण शिकवणारे काही कोठडीत मुक्कामाला राहत नाहीत. ते गेल्यावर पट, सोंगट्या आणि समोरचा सोबती एवढंच उरतं. पुढचा अभ्यास ज्याचा त्याला करावा लागतो.

आपल्यालाही तेच लागू आहे. गावात कुठून येणार बुद्धिबळाचा मास्तर? आला तरी त्याची फी कोण देणार? आणि वेळ? गुरं, पाणी, स्वयंपाक, शेतातली खुरपणी, गटाची मीटिंग, यातून अर्धा तास निघाला तर निघाला. शिवाय मनात बसलेलं असतं, हा खेळ हुशार माणसांचा, शिकलेल्यांचा, पुरुषांचा. आज आपण बघू की मास्तराशिवाय, रोज अर्ध्या तासात, एकट्याने किंवा दोघींनी हा खेळ सुधारता येतो का. आमचं उत्तर आधीच सांगतो: येतो. फक्त नुसतं खेळत राहून नाही.

खेळणं वेगळं, शिकणं वेगळं

प्रत्येक गावात पारावर बुद्धिबळ खेळणारे दोन-तीन आजोबा असतात. वीस-वीस वर्षं रोज खेळतात. त्यांचा खेळ बघा. पहिल्या वर्षी जी चूक करत होते तीच आजही करतात. कारण एक डाव संपला की लगेच सोंगट्या गोळा करून दुसरा मांडतात. हरलेला डाव कुठे बिघडला, हे बघायला कुणी थांबत नाही.

भाकरीचंच उदाहरण घ्या. पहिली भाकरी चिरली. ती बाजूला टाकून तशाच पिठाची दुसरी थापली तर तीही चिरणार. पीठ जुनं होतं का, पाणी कमी गरम होतं का, मळलं कमी का, हे जिने बघितलं तिची तिसरी भाकरी फुगली. बुद्धिबळात सुधारणा होते ती अशीच. दहा डाव खेळून दहाही विसरण्यापेक्षा दोन खेळावेत आणि दोन्ही पुन्हा मांडून बघावेत.

पुन्हा मांडायचे तर चाली आठवायला हव्यात. म्हणून पहिलं काम आहे ते चाली लिहून ठेवायचं.

डाव वहीत उतरवायचा

पट असा ठेवा की तुमच्या उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात पांढरं घर येईल. आता पांढऱ्या सोंगट्यांच्या बाजूला बसा. डावीकडून उजवीकडे उभ्या आठ पट्ट्यांना नावं द्या: ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच. आडव्या ओळींना खालून वर आकडे द्या: १ ते ८. झालं. आता पटावरच्या ६४ घरांपैकी प्रत्येकाला पत्ता मिळाला. पांढरा राजा सुरुवातीला ई१ वर असतो, काळा राजा ई८ वर. राजासमोरचं पांढरं प्यादं दोन घरं पुढे गेलं की ई४ वर आलं. वहीत लिहायचं, "१. ई४". घोडा एफ३ वर आला तर "घो एफ३". वजिराला व, हत्तीला ह, उंटाला उ, राजाला रा, प्याद्याला काहीच नाही, नुसतं घर लिहायचं. ही खूण आपल्या वहीपुरती पुरे.

पुठ्ठ्याचा पट असेल तर कडेने ही अक्षरं आणि आकडे पेनाने लिहूनच टाका. आठवडाभरात तोंडपाठ होतात. रेडिओवर आम्ही डाव सांगतो तोही याच पत्त्यांनी, म्हणजे घरी पट मांडून ऐकता येतो.

एक सावधगिरी. आपल्या बऱ्याच गावांत अजून जुन्या देशी नियमांनी खेळतात. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जातं, आणि राजाला एकदाच घोड्यासारखी उडी मारता येते. तो खेळही छान आहे, पण शाळेच्या, तालुक्याच्या आणि जगाच्या स्पर्धांत आता आंतरराष्ट्रीय नियम चालतात. त्यात प्यादं पहिल्या चालीला हवं तर दोन घरं जातं, आणि राजा-हत्तीची जागा बदलणारं कॅसलिंग असतं. खेळायला बसण्याआधी दोघींनी ठरवून घ्या कोणते नियम. भांडण वाचतं.

शेवटापासून शिका

बहुतेकजणी शिकायला बसतात ते सुरुवातीच्या चाली पाठ करायला. आमचं सांगणं उलटं आहे. शेवट आधी शिका. पटावर सोंगट्या थोड्या असल्या की कोण काय करतं ते स्वच्छ दिसतं. आणि शेवट येत नसेल तर जिंकत आलेला डावही हातचा जातो.

पहिला धडा दोन हत्तींची मात. पटावर काळा राजा एकटा, ई५ वर ठेवा. पांढरा एक हत्ती ए४ वर, दुसरा एच१ वर, पांढरा राजा जी१ वर. ए४ वरच्या हत्तीने चौथी आडवी ओळ अडवली आहे, काळा राजा खाली येऊ शकत नाही. आता एच१ वरचा हत्ती एच५ वर न्या. शह. राजाला सहाव्या ओळीत जावंच लागतं. मग ए४ वरचा हत्ती ए६ वर. पुन्हा शह, राजा सातव्या ओळीत. एच५ वरचा एच७ वर, राजा आठव्या ओळीत. ए६ वरचा ए८ वर, आणि मात. दोघीजणी दोन काठ्या आडव्या धरून म्हशीला गोठ्याकडे नेतात ना, एक काठी धरून ठेवायची आणि दुसरी पुढे सरकवायची, तसंच हे.

आता यातली मेख. राजा मुकाट मागे जात नाही, तो हत्तीच्या अंगावर येतो. समजा तो जी७ वर आला आणि तुम्ही शिकल्याप्रमाणे एच५ वरचा हत्ती एच७ वर नेलात, तर राजा तो हत्ती मारूनच टाकेल. तेव्हा काय करायचं? शह द्यायची घाई न करता हत्ती त्याच ओळीत दुसऱ्या टोकाला, बी५ वर न्यायचा. ओळ अडलेलीच राहिली आणि हत्ती वाचला. पुढच्या चालीला बी७ वर शह. ही एक शांत चाल ज्या दिवशी तुमची तुम्हाला सुचेल, त्या दिवशी समजा की अभ्यास सुरू झाला.

दुसरा धडा राजा आणि प्याद्याचा. प्यादं सर्वांत लहान, पण आठव्या ओळीत पोचलं की वजीर होतं. पांढरा राजा ई६ वर, पांढरं प्यादं त्याच्या मागे ई५ वर, काळा राजा ई८ वर ठेवा. ही जागा पांढऱ्याने जिंकलेली आहे, चाल कुणाचीही असो. दोघींनी मिळून खेळून बघा. पांढरीने राजा आधी पुढे ठेवायचा, प्यादं मागून आणायचं. आई पुढे वाट बघते आणि लेकरू मागून येतं, हा क्रम. नवशिकी उलट करते. प्यादं पुढे पळवते, राजा मागे राहतो, आणि समोरचा राजा प्याद्याच्या तोंडाशी येऊन बसतो.

हेही करून बघा. पांढरा राजा डी६ वर, प्यादं ई६ वर, काळा राजा ई८ वर. चाल पांढऱ्याची असेल तर प्यादं ई७ वर जातं, शह बसत नाही, काळ्या राजाला एफ७ वर सरकावं लागतं, आणि पांढरा राजा डी७ वर येऊन प्याद्याला वाट करून देतो. जिंकलं. आता तीच मांडणी, पण चाल काळ्याची. राजा डी८ वर जातो. प्यादं ई७ वर जाताना शह देतं, राजा परत ई८ वर. आता प्यादं राखायला पांढरा राजा ई६ वर आला तर काळ्या राजाला शह नाही, पण हलायला एकही घर नाही. याला स्टेलमेट म्हणतात, डाव बरोबरीत. सोंगट्या त्याच, घरं तीच, फक्त चाल कुणाची यावर निकाल फिरला. अशा मांडणीत लक्षात ठेवायची खूण सोपी आहे: प्यादं सातव्या ओळीत शह न देता पोचलं तर जिंकतं, शह देऊन पोचलं तर बरोबरी.

हे दोन धडे आठवडाभर रोज मांडा. तुमचे हात आपोआप चालायला लागले की राजा-वजिराची मात आणि मग राजा-एक हत्तीची मात घ्या.

समोरचीने ही चाल का केली?

नवशिक्या खेळाडूचे दहातले आठ डाव मोठ्या डावपेचाने हरत नाहीत. सोंगटी फुकट गेली म्हणून हरतात. सोंगट्यांचा अंदाजे भाव माहीत हवा. प्यादं १, घोडा ३, उंट ३, हत्ती ५, वजीर ९. घोडा देऊन प्यादं घेतलं तर बाजारात तीन रुपयांची वस्तू एक रुपयाला विकली. तो हिशेब आपल्याला कुणी शिकवायला नको.

मग सोंगटी फुकट का जाते? आपण आपल्याच बेतात असतो म्हणून. समोरचीने चाल केली की आपला हात लगेच पटाकडे जातो. त्याऐवजी हात मांडीवर ठेवून तीन प्रश्न मनात विचारायचे. तिने ही चाल का केली? आता ती माझं काय मारू शकते? आणि मी जी चाल करणार आहे, ती केल्यावर ती काय करेल?

एक नेहमीचं उदाहरण. पांढरीने ई४ केलं, काळीने ई५. पांढरीचा उंट सी४ वर, काळीचा घोडा सी६ वर. मग पांढरीचा वजीर एकदम एच५ वर आला. का आला? नजर फिरवा. वजीर आणि उंट दोघांचा रोख एफ७ च्या प्याद्यावर आहे, आणि त्या प्याद्याला राखणारा राजाशिवाय कुणी नाही. म्हणजे पुढच्याच चालीला वजीर एफ७ मारून मात. कितीतरी पोरंपोरी या चार चालींत हरतात आणि म्हणतात, मला जमत नाही. जमत नाही असं नाही, प्रश्न विचारला नाही. प्रश्न विचारला असता तर जी६ ला प्यादं पुढे केलं असतं, आणि वजिरालाच पळायची वेळ आली असती. तो एफ३ ला जाऊन पुन्हा एफ७ कडे बघू लागला तर घोडा एफ६ ला आणायचा, वाट बंद.

घोड्यापासून जास्त सांभाळा. बाकीच्या सोंगट्या सरळ किंवा तिरप्या जातात, त्यांचा रोख दिसतो. घोडा अडीच घरं उडतो. काळा राजा ई८ वर आणि हत्ती ए८ वर असताना पांढरा घोडा सी७ वर येऊन बसला तर एकाच वेळी दोघांवर. राजा हलवावाच लागतो, हत्ती जातो. म्हणून समोरचीचा घोडा जिथे आहे तिथून तो कोणकोणत्या घरांवर पडू शकतो, ती घरं बोट न लावता डोळ्यांनी मोजायची सवय लावा. मध्यावरचा घोडा आठ घरांवर पडतो, कोपऱ्यातला फक्त दोन. म्हणूनच घोडा कोपऱ्यात ठेवू नये असं जुनी माणसं सांगतात.

हरलेल्या डावाची वही

आता मुख्य गोष्ट. डाव हरलात. राग येतो, पट उधळावासा वाटतो. उधळू नका. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी वही उघडा आणि तो डाव पहिल्या चालीपासून मांडा. जिथे डाव फिरला ती एकच चाल शोधा. बऱ्याचदा ती शेवटी नसते. मात विसाव्या चालीला झाली तरी बिघाड बाराव्या चालीला झालेला असतो.

ती चाल सापडली की समोर तीनपैकी एक शब्द लिहा. पहिला, "दिसलं नाही". म्हणजे समोरचीचा धोका तुम्हाला दिसायला हवा होता. दुसरा, "घाई". दिसलं असतं, पण तुम्ही थांबला नाहीत. तिसरा, "माहीत नव्हतं". म्हणजे तो शेवट किंवा ती युक्ती तुम्ही कधी शिकलाच नव्हता. महिनाभरात वहीत पंधरा-वीस डाव होतील. मग शब्द मोजा. "दिसलं नाही" जास्त असेल तर रोज एक-दोन चालींत मात करायची कोडी सोडवा. "घाई" जास्त असेल तर नियम करा, हात लावलेली सोंगटी चालवायचीच. मोठ्या स्पर्धांत हाच नियम असतो, आणि त्याने हात आपोआप आवरतो. "माहीत नव्हतं" जास्त असेल तर शेवटाचा नवा धडा घ्या. काय शिकायचं हे मास्तरांना विचारावं लागत नाही. तुमची वहीच सांगते.

जिंकलेले डावही लिहा. समोरचीच्या चुकीने जिंकलात की तुमच्या खेळाने, हे प्रामाणिकपणे बघितलं तर जिंकूनही शिकायला मिळतं.

मोठ्यांचे डाव झाकून बघा

अभ्यासाची आणखी एक जुनी रीत आहे. चांगल्या खेळाडूचा छापलेला डाव घ्यायचा, पुढची चाल कागदाने झाकायची, आणि आपण काय केलं असतं ते आधी वहीत लिहायचं. मग कागद सरकवायचा. जुळलं तर छान, नाही जुळलं तर तिने असं का केलं असेल, यावर पाच मिनिटं घालवायची. एका डावाला दोन-तीन दिवस लागले तरी चालतील.

डाव कुणाचे घ्यायचे? आपल्याच बायकांचे. भारतात महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ साली झाली, ती मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी जिंकली. त्यांच्या बहिणी जयश्री आणि रोहिणी यांनीही पुढे हे विजेतेपद मिळवलं, रोहिणीताईंनी तर पाच वेळा. १९७६ साली रोहिणीताई पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला बसल्या तेव्हा गहजब झाला. प्रकरण जागतिक महासंघापर्यंत गेलं, आणि महासंघाच्या अध्यक्षांनी निर्णय दिला की बाई आहे म्हणून कुणाला स्पर्धेबाहेर ठेवता येणार नाही. सांगलीच्या भाग्यश्री साठे, लग्नानंतरच्या ठिपसे, यांनीही राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा घेतलं. आणि आत्ताचं ताजं नाव नागपूरच्या दिव्या देशमुखचं. जुलै २०२५ मध्ये जॉर्जिया देशातल्या बाटुमी शहरात महिलांच्या विश्वचषकाच्या अंतिम फेरीत तिने कोनेरू हंपीला हरवलं तेव्हा ती १९ वर्षांची होती. त्या एका विजयाने तिला थेट ग्रँडमास्टर किताब मिळाला.

गटात एखादीकडे चांगला मोबाइल असेल तर 'लिचेस' हे अ‍ॅप फुकट आहे, जाहिरातीही नाहीत. त्यात रोजची कोडी सोडवता येतात, आपला डाव टाकला तर कुठे चुकलं तेही दाखवतं. पण दोन गोष्टी सांभाळा. एक, आधी स्वतः चूक शोधा, मग यंत्राला विचारा. उत्तर पाहून गणित सोडवलं तर गणित येत नाही. दोन, दोन-तीन मिनिटांचे झटपट डाव खेळत बसू नका. त्याने घाई वाढते, शिकणं नाही.

आठवड्याचा बेत

रोज अर्धा तास धरून आम्ही असा बेत सुचवतो. सोमवारी आणि मंगळवारी शेवटाचा एक धडा, दोघींनी बाजू बदलून. बुधवारी मातीची कोडी, पाच पुरेत. गुरुवारी मोठ्यांचा डाव झाकून. शुक्रवारी एक पूर्ण डाव, चाली लिहून, न घाबरता, न घाईने. शनिवारी तोच डाव पुन्हा मांडून वहीत शब्द लिहायचा. रविवारी सुट्टी, किंवा मुलांना बसवून आपण शिकलेलं त्यांना शिकवायचं. शिकवताना आपलं कच्चं काय आहे ते पटकन कळतं. एखाद्या दिवशी पाहुणे आले, पाऊस आला, अर्धा तास निघाला नाही, तर बेत मोडला म्हणून सोडू नका. राहिलेला दिवस पुढे ढकला.

गटाची मीटिंग संपल्यावर एक पट मांडून ठेवा. ज्या दोघी खेळतील त्यांच्याभोवती बाकीच्या बसतील, पण एक अट: डाव चालू असताना कुणी चाल सुचवायची नाही. सगळं बोलणं डाव संपल्यावर, वही उघडून. आपल्याकडे बाईच्या प्रत्येक निर्णयावर आजूबाजूचे दहाजण सल्ला देतात. पटावर तरी तिने स्वतः विचार करून, स्वतःच्या हाताने चाल करावी, आणि चुकली तर ती चूक तिचीच असावी. तिची असली तरच ती तिला दुरुस्त करता येते.

पट आणि सोंगट्या तालुक्याच्या बाजारात मिळतात. नाहीच मिळाल्या तर पुठ्ठ्यावर घरं आखा, पांढऱ्या-काळ्या बटणांवर अक्षरं लिहा, चालतं. शंभर पानी एक वही मात्र प्रत्येकीची वेगळी हवी. पहिल्या पानावर आजची तारीख घाला, आणि महिन्याने वहीतले शब्द मोजून आम्हाला कळवा: "दिसलं नाही" किती, "घाई" किती, "माहीत नव्हतं" किती. पुढच्या बोलण्यात आपण त्यातूनच पुढचे धडे निवडू.